वारसाची घसरगुंडी

बर्फाशी माझं पहिल्यापासून वैर आहे. हे ऐकून लोक हसतात, कारण मी सगळी नोकरी शीतगृहांत केली आणि तिचा मोठा भाग रियाधला, अल सुलैच्या गोदामांमध्ये. पण शीतगृहवाल्याला थंडी हवी असते, बर्फ नको असतो. कोणीतरी दार उघडं टाकतो, बाहेरची हवा आत शिरते, तिच्यातली ओल जमिनीवर जमते, तिचा थर होतो, त्या थरावरून फोर्कलिफ्ट घसरते आणि मग मालकाचा फोन येतो. माझा अर्धा दिवस बर्फ खरवडण्यात जायचा आणि उरलेला अर्धा दार उघडं टाकणाऱ्याला शोधून त्याच्यावर ओरडण्यात. अशा माणसावर एकदा स्वतःच्या हाताने बर्फ तयार करायची वेळ आली, आणि तीही नोकरी टिकवण्यासाठी.

सौदीकरणाची वर्षं होती. कंपन्यांना रंग दिलेले असायचे: लाल, पिवळा, हिरवा. किती स्थानिक माणसं कामावर आहेत त्यावरून रंग ठरायचा आणि आमचे इकामे, म्हणजे राहायचे परवाने, पुढे वाढणार की नाही ते रंगावरून ठरायचं. आमची कंपनी पिवळ्यात अडकून पडली होती. एका रविवारी सकाळी एचआरचा मॅनेजर एका पंचविशीतल्या सौदी मुलाला घेऊन माझ्या कंट्रोल रूममध्ये आला. पांढराशुभ्र पायघोळ तोब, डोक्यावर रुमाल, पायात मात्र धावण्याचे बूट.

"हा तुझ्या जागेवर येणार," मॅनेजर म्हणाला. "याला सगळं शिकव."

"किती दिवसांत?"

"ते तू किती चांगलं शिकवतोस त्यावर आहे."

म्हणजे मी जितका चांगला मास्तर, तितका लवकर नाशिकला परत. मला नाशिकला परत जायला हरकत नव्हती. पण माझी मुलगी तेव्हा नुकतीच नववीत गेली होती, इथल्या भारतीय शाळेत. बारावीपर्यंत तिची शाळा बदलायची नाही हे आम्ही नवरा-बायकोने ठरवलं होतं. त्यातही अकरावी-बारावीच्या मध्ये बदलणं म्हणजे बोर्डाच्या नोंदणीपासून सगळा घोळ. माझा इकामा गेला की तिचाही जाणार. बायकोने बोटं मोजली आणि निकाल दिला, "चार वर्षं. मग खुशाल हाकलू देत. पण चार वर्षं काहीही करून काढा." त्या मुलाला तिने न पाहताच नाव ठेवलं, वारस. रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आज वारस काय शिकले?"

पहिल्या दिवशी वारस काय शिकला ते मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही.

"आत किती असतं?" त्याने मला इंग्रजीत विचारलं होतं.

"उणे बावीस."

त्याचे डोळे चमकले. उणे बावीस ऐकून कोणाचे डोळे चमकलेले मी तोवर पाहिले नव्हते. लोक सहसा कानटोपी मागतात. मी त्याला जाड कोट दिला आणि चार नंबरच्या खोलीत नेलं. ती रिकामी होती. रमजानच्या आधी आमच्या खोल्या कोंबड्यांनी आणि समोशाच्या पट्ट्यांनी छतापर्यंत भरायच्या. ईद झाली की एखादी रिकामी पडायची. पण रिकामी म्हणून ती बंद करता येत नाही, गरम झाली की भिंतींचे सांधे सुटतात. हे सगळं समजावत मी पुढे चाललो होतो. मागे वळून पाहिलं तर वारस जमिनीवर पालथा. हात अंगाशी, हनुवटी फरशीपासून चार बोटं वर, डोळे मिटलेले.

फोर्कलिफ्टवाल्यांचे फोरमन दापोलीकडचे होते, तीस वर्षं सौदीत काढलेले, वयाने माझ्याहून मोठे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते धावत आले. "साहेब, ह्याला घेरी आली की काय? पहिल्याच दिशी गेला तर आपल्या डोक्यावर येल!"

"घेरी नाही चाचा, हसतोय तो."

"मग तर जास्तच वायट," चाचा म्हणाले.

चहा पिताना उलगडा झाला. मुलगा अल खर्जचा. वडील तिकडच्या डेअरीत सुपरवायझर. सरकारी शिष्यवृत्तीवर हा एका थंड देशात मेकॅनिकल शिकायला गेला आणि तिथे एका मित्राबरोबर गंमत म्हणून बर्फाच्या घसरगुंडीवर गेला. गंमत म्हणून गेलेला तो तिथेच अडकला. खेळाचं नाव स्केलेटन. एक लोखंडी पाट, त्याच्याखाली दोन सळया. तो एका हाताने धरून वाकून तीसेक मीटर पळायचं, मग त्याच्यावर पोटावर उडी घ्यायची आणि बर्फाच्या पन्हळीतून ताशी सव्वाशेच्या वेगाने खाली जायचं. त्याने मोबाइलवर दाखवलं. मी इंजिनिअर असल्यामुळे मला प्रश्न पडले.

"डोकं पुढे का?"

"पाय पुढे असले की तो वेगळा खेळ होतो."

"ब्रेक कुठे आहे?"

"ब्रेक नसतो."

"मग वळायचं कसं?"

"खांद्याने. थोडं गुडघ्याने."

"आणि वळलं नाही तर?"

"बाजूला भिंत असते ना," तो मला धीर देत म्हणाला.

घरी बायकोने खेळाचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "निदान नाव तरी खरं ठेवलंय."

त्याच्या देशात तेव्हा हा खेळ खेळणारं त्याला दुसरं कोणी माहीत नव्हतं. संघ म्हणजे तो, प्रशिक्षक म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. त्याला फक्त एक अडचण होती आणि ती सांगताना तो संकोचला. "मुहंदिस," तो मला इंजिनिअरसाहेब या अर्थाने असंच म्हणायचा, "हिवाळ्यात मला चार महिने जावं लागेल. बिनपगारी. तू सही केलीस तर."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पेन उघडलं होतं. "खेळाला उत्तेजन द्यायलाच हवं," मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला थोडी लाज वाटली, पण ती मी आवरली.

दर सहा महिन्यांनी एचआरकडून एक फॉर्म यायचा. त्यात एकच प्रश्न कामाचा होता: प्रशिक्षणार्थी स्वतंत्रपणे काम सांभाळू शकतो का? खाली माझी सही आणि त्याच्याखाली 'वाचले' म्हणून प्रशिक्षणार्थीची सही. पहिल्या दोन फॉर्मांवर मी "अद्याप नाही" लिहिलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. माणूस इथे होताच कुठे!

पण पहिल्या हिवाळ्यातल्या शर्यती सुरू झाल्या आणि आठवड्याभरात मला घाम फुटला. वारस शेवटचा येत होता. एकदा नाही, प्रत्येक वेळी. शर्यतींचे निकाल इंटरनेटवर दिसायचे. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कंट्रोल रूममध्ये उघडून बसायचो आणि घरी बायको. वारसचं नाव शोधावं लागत नसे, यादी जिथे संपायची तिथे ते असायचं. आता असं सारखं शेवटचं येणारा माणूस किती दिवस खेळेल? एक हिवाळा, फार तर दोन. मग तो खेळ सोडणार, अल सुलैला येणार आणि लक्ष देऊन कॉम्प्रेसर शिकणार. तेव्हा माझी मुलगी दहावीत असणार.

"अहो, त्याला कोणीतरी नीट शिकवा," बायको काकुळतीला येऊन म्हणाली. घाटात गाडी लागते म्हणून कसाऱ्याला डोळे मिटून बसणारी बाई ती! पण त्या हिवाळ्यात तिला कोणत्या गावच्या घसरगुंडीला किती वळणं आहेत ते पाठ झालं होतं.

दोष सापडला तो मुलीला. तिने दोन-तीन निकालांतले आकडे वहीत मांडले आणि मला समजावलं, "बाबा, हिज स्टार्ट इज द प्रॉब्लेम. खाली तो ओके आहे. ही लूझेस एव्हरीथिंग व्हाइल रनिंग."

बरोबरच होतं. बाकीच्यांना वर्षभर बर्फावर पळायला मिळायचं. वारस अल खर्जच्या रस्त्यावर पळायचा, पंचेचाळीस अंशात, आणि मग एकदम बर्फावर उभा राहायचा. त्याला बर्फाची एक पट्टी हवी होती, तीस मीटर लांब, आणि रियाधमध्ये तसा उणे बावीसचा बोळ ज्याच्या ताब्यात होता तो माणूस मी होतो.

पुढच्या वर्षी ईद झाली, चार नंबर रिकामी झाली आणि मी चाचांना पाण्याचा पाइप आत आणायला सांगितलं.

"साहेब, ह्या काय आता नवीन?" चाचा म्हणाले. "जन्मभर बर्फ काढलाव आपण. आता घालायचा?"

"घालायचा."

"मालकाला म्हाईत हाय?"

"चाचा, पाइप धरा."

पहिला प्रयत्न साफ फसला. पाइपाने पाणी मारलं ते पांढरं, पोकळ, दाणेदार होऊन बसलं. वारसने त्यावर पाय ठेवताच पापडासारखं मोडलं. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की पाणी कडकडीत हवं. गरम पाणी गोठायच्या आत पातळ पसरतं, त्यात हवा कमी राहते, आणि थरावर थर दिले की खाली फरशीचा रंग दिसेल असा बर्फ होतो. मी कामगारांच्या न्हाणीतला एक जुना गिझर काढून आणला. चाचांचं जुनं ब्लँकेट गरम पाण्यात बुडवून आम्ही दोघं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचो, सारवण केल्यासारखं. अंगावर जाड कोट, मिशांवर बर्फ, आणि चाचा दर फेरीला मोठ्याने तोबा-तोबा म्हणत.

फक्त गिझरला वीज द्यायला पॅनेलमध्ये जागा नव्हती. इथे मी जे केलं ते आपल्याकडचा कुठलाही इंजिनिअर करेल. एक लाइन काढली आणि तिच्या ब्रेकरवर गिझर जोडला. दोन दिवसांपुरतं.

काढलेली लाइन जमिनीखालच्या हीटरची होती. शीतगृहाच्या फरशीखाली हीटर असतो हे ऐकून नवखा माणूस हसतो, पण तो लागतो. नाहीतर थंडी हळूहळू खाली उतरते, मातीतली ओल गोठते, फुगते आणि फरशी वर उचलते. सुलैची जमीन तर वाळवंटातली असूनही ओलसर. हे मी किती शिकाऊ मुलांना घोकून घेतलं असेल याची गणती नाही. आणि दोन दिवसांनी ती लाइन परत जोडायची मी विसरलो. रोजच्या नोंदवहीत फरशीखालच्या तापमानाचा एक रकाना असतो, तो प्रशिक्षणार्थीने भरायचा. प्रशिक्षणार्थी हिवाळ्यात नसायचा म्हणून मी भरायला लागलो आणि तो परतल्यावरही मीच भरत राहिलो, म्हणजे वरचा आकडा खाली उतरवायचो. वर्षानुवर्षं तो आकडा बदलला नव्हता, आताच का बदलेल?

पट्टी मात्र फक्कड झाली. वारसचे बूट सुयासुयांचे होते, त्यांचा करकर आवाज मला अजून ऐकू येतो. चाचा एका टोकाला उभे राहून "यल्ला!" म्हणून ओरडायचे, वारस पाट धरून वाकून सुसाट सुटायचा, उडी मारायचा आणि दुसऱ्या टोकाला आम्ही रचलेल्या कापसाच्या गाद्यांत डोकं खुपसून थांबायचा. मी हातात घड्याळ घेऊन खेकसायचो, "पहिली पाच पावलं आखूड! किती वेळा सांगायचं?" खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलगी मला रोज सकाळी काय ओरडायचं ते लिहून द्यायची.

त्या हिवाळ्यात वारसने एका शर्यतीत दोन जणांना मागे टाकलं. बायकोने लबने, म्हणजे इकडचं घट्ट दही, टांगून श्रीखंड केलं. शेजारच्या बाईंनी काय विशेष म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमचे वारस खालून तिसरे आले." त्या बिचाऱ्या वाटी घेऊन घरी गेल्या.

तिसऱ्या वर्षी त्याने खेळ बदलला. स्केलेटनमध्ये आपण यापुढे वर जाणार नाही हे त्याचं त्यालाच कळलं होतं. आता दोघांची बॉबस्ले. ही बसून चालवायची गाडी, पुढच्याने वळवायचं, मागच्याने ढकलून आत उडी मारायची आणि शेवटी ब्रेक ओढायचा. या खेळात ब्रेक आहे हे ऐकून बायकोने सुस्कारा टाकला. मागे बसायला त्याचा मामेभाऊ तयार झाला, पण तो रास अल खैरच्या प्लांटवर कामाला आणि महिन्यातून एकदा यायचा. एरवीच्या सरावाला माणूस हवा होता. वारसने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "मुहंदिस, तुझं वजन अगदी बरोबर आहे."

माझ्या पोटाबद्दल कोणी चांगलं बोलायची ती पहिली आणि शेवटची वेळ. मी पाघळलो.

चाचांनी दोन मोडक्या ट्रॉल्या जोडून चार चाकांची गाडी बनवली, वळवायला दोरी, ब्रेकला लोखंडी दांडा. शुक्रवारी सकाळी गोदामाचं आवार ओस असायचं. मी डोक्यावर साइटचं पिवळं हेल्मेट घातलं. चाचा ओरडले, आम्ही ढकललं, वारस टुणकन पुढे बसला. मी धावलो, आणखी धावलो, आणि माझा एक पाय आत गेला. दुसरा पाय बाहेरच राहिला आणि गाडी मला एका पायावर लंगडी घालायला लावत तीन कंटेनर ओलांडून गेली. "ब्रेक! ब्रेक!" वारस ओरडला. मी दांडा ओढला. दांडा निघून माझ्या हातात आला. ताकाच्या रिकाम्या क्रेट्सचा डोंगर आम्ही मध्यभागी भेदला. क्रेट कोसळायचे थांबले तेव्हा आतून वारसच्या हसण्याचा आवाज आला आणि मग मलाही आवरेना. मी आणि तो क्रेट्सखाली कितीतरी वेळ हसत पडलो होतो. माझी जागा घ्यायला आलेला माणूस मला आवडायला लागला होता, आणि हे बायकोला सांगायचं नाही असं मी तिथेच ठरवलं.

त्या जानेवारीत त्यांची बॉबस्ले एका वळणावर उलटली आणि उलटीच खालपर्यंत घसरत गेली. मामेभावाला खरचटलंही नाही. तो रास अल खैरला गेला आणि त्याने बर्फाचं नाव टाकलं. वारसचा खांदा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हा खांदा ढकलायच्या कामाचा नाही.

महिनाभराने सकाळी सात वाजता तो कंट्रोल रूममध्ये आला, हात गळ्यात अडकवलेला. "खलास, मुहंदिस," तो म्हणाला. "आता मला काम शिकव."

मला त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याहून मोठ्याने मनात आलं की मुलगी आता बारावीत जाणार, एक वर्ष राहिलं.

आणि माझ्या दुर्दैवाने पोरगा हुशार निघाला. तीन महिन्यांत त्याला कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून तेल कमी आहे ते कळायला लागलं. माझ्या आधी तो दार उघडं टाकणाऱ्यावर ओरडायचा, आणि अरबीत ओरडत असल्यामुळे त्याचा परिणामही व्हायचा. जूनमध्ये सातवा फॉर्म आला. स्वतंत्रपणे काम सांभाळू शकतो का? झोपेत सांभाळला असता. मी लिहिलं, "अद्याप नाही." या वेळी ते धडधडीत खोटं होतं. त्याने वाचलं आणि खाली सही केली.

चहा पिताना तो सहज म्हणाला, "माझं लग्न ठरतंय. तिचे वडील म्हणतात, आधी नोकरी कायम होऊ दे. माझ्या पत्रावर प्रशिक्षणार्थी लिहिलेलं आहे ना."

"अस्सं," मी म्हणालो आणि उगाच समोरच्या गेजकडे पाहत राहिलो.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "नऊ महिने," ती म्हणाली. "फक्त नऊ महिने उरलेत." मग दोन पोळ्या झाल्यावर तिने विचारलं, "होणारी बायको चांगली आहे का हो त्याची?"

ऑक्टोबरात आम्ही दोघं चार नंबरमध्ये फेरी मारत होतो. वारस मध्येच थांबला. "इथे चढ आहे."

"चढ कसला? सपाट फरशी आहे."

खिशातून पाण्याची बाटली काढून त्याने जमिनीवर आडवी ठेवली. बाटली गडगडत भिंतीपर्यंत गेली. ज्याने तीन हिवाळे उतारावर काढले त्याच्या पायाला कळलं, मला रोज तिथून जाऊन कळलं नव्हतं. आम्ही मोजलं. खोलीच्या मध्यभागी फरशी चार बोटं वर आली होती आणि पलीकडचं दार चौकटीत अडकत होतं. वारस सरळ पॅनेलकडे गेला, ब्रेकर पाहिला, त्यातून निघालेल्या वायरवर बोट ठेवून ते फिरवत फिरवत धूळ खात पडलेल्या गिझरपर्यंत आला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांपुरतं काढलेलं दोन वर्षं तसंच राहिलं होतं.

दुसऱ्या सकाळी मालक आले. हेच आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर आम्ही या देशात राहत होतो ते. म्हातारे, कमी बोलणारे. न बोलता त्यांनी माणसं परत पाठवलेली मी पाहिली होती. ते फुगलेल्या फरशीवर काठी टेकून उभे राहिले. ती खोली आता काही महिने बंद ठेवून हळूहळू गरम करावी लागणार होती. त्यांनी अरबीत एकच वाक्य विचारलं. माझ्याशेजारी चाचा उभे होते, ते हळू आवाजात म्हणाले, "विचारतायत, हीटर कोणी काढलान?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. मी खरं सांगणार होतो असं मी मुलीला सांगत आलोय, पण मला ते ठाऊक नाही. माझ्या आधी वारस बोलला. त्यातला एक शब्द मला कळला. अना. मी.

"साहेब," चाचा कुजबुजले, "तो म्हणतो त्याने काढला. बर्फावर पळायला. म्हणतो, वहीतला रकाना पण माझाच."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि एचआरच्या मॅनेजरला फाइल आणायला सांगितली. तिथेच, जाड कोटात, त्यांनी सातही फॉर्म एकेक करून वाचले. अद्याप नाही. अद्याप नाही. सात वेळा माझं अक्षर आणि सात वेळा माझी सही. मग ते माझ्यासमोर आले आणि मला कळावं म्हणून सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तू तीन वर्षं खरं सांगत होतास. आम्हीच ऐकलं नाही. याला अजून एक वर्ष शिकव." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

बाहेर आल्यावर मी वारसला म्हणालो, "असं का केलंस?" त्याने खांदे उडवले, म्हणजे जो उडत होता तो उडवला. "तो बर्फ माझ्यासाठीच केला होता ना," तो म्हणाला. तो कशासाठी केला होता ते मी त्याला सांगितलं नाही. आम्ही गिझर काढला, हीटरची लाइन जोडली, आणि ती त्याने माझ्याहून नीट जोडली.

डिसेंबरात आठवा फॉर्म आला. मी घरी बायकोशी बोलून ठरवून आलो होतो. तीच म्हणाली होती, "लिहून टाका. होईल ते होईल, पोरीचं बघू." मी वारसला समोर बसवलं, पेन उघडलं आणि म्हणालो, "आज मी 'हो' लिहिणार आहे."

त्याने फॉर्मवर हात ठेवला. "तुझ्या मुलीची परीक्षा कधी आहे?"

मुलीच्या परीक्षेबद्दल मी त्याच्यापाशी कधी एक अक्षर बोललो नव्हतो. "तुला कोणी सांगितलं?"

"पहिल्या वर्षीच चाचाने," तो म्हणाला. "कधी आहे?"

"मार्चमध्ये संपते."

"मग एप्रिलमध्ये लिही."

"आणि तुझं लग्न?"

"पुढे ढकललंय," तो म्हणाला. "ती थांबते म्हणाली."

मी निदान एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. खोटं, वरवरचं, आपण पाहुणचाराला म्हणतो तेवढं तरी. मी म्हणालो नाही. मी "अद्याप नाही" असं आठव्यांदा लिहिलं, फॉर्म त्याच्याकडे सरकवला, आणि त्याने एका हाताने कागद दाबून धरत दुसऱ्याने सही केली.